राजाला हसवणारा बिशप

प्रश्न : इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीच्या सरदारांनी ११७० मध्ये आर्चबिशप थॉमस बेकेट यांचा कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्येच खून केला. पुढे लिंकनचे बिशप संत ह्यू यांनीही त्याच राजाला विरोध केला, तरी त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. हे कसे? आणि चित्रांत त्यांच्याजवळ हंस का दाखवतात?

उत्तर : बिशपांच्या स्टो येथील वाड्यावर एक हंस ह्यूंच्या हातून खात असे आणि इतरांना जवळ फिरकू देत नसे, असे त्यांच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे; हंस चित्रांत आला तो त्यामुळे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर खुद्द बेकेट यांच्या खुनाशीच जोडलेले आहे. त्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून हेन्रीने सॉमरसेटमधील विदम येथे कार्थूसियन या एकांतवासी ख्रिस्ती संन्यासी पंथाचा मठ स्थापला आणि तो मार्गी लावण्यासाठी आल्प्समधील मूळ मठातून ह्यू यांना बोलावून घेतले. मठासाठी उठवल्या जाणाऱ्या गावकऱ्यांना घरांचा पूर्ण मोबदला मिळेपर्यंत आपण सूत्रे हाती घेणार नाही, असे त्यांनी राजाला बजावले आणि राजाने तो चुकता केला. ११८६ मध्ये लिंकनच्या बिशपपदासाठी निवड झाली तेव्हा, ती राजाच्या दडपणाखाली झाली आहे, असे म्हणून त्यांनी ती नाकारली व फेरनिवडणूक घ्यायला लावली. असा माणूस आपला मिंधा होणार नाही, हे राजाला पहिल्यापासून कळून चुकले होते.

लवकरच ह्यूंनी राजाच्या प्रमुख वनाधिकाऱ्याला चर्चमधून बहिष्कृत केले, कारण वनकायद्याच्या नावाखाली रयतेची पिळवणूक चालली होती. शिवाय एका दरबाऱ्याला धर्मपद देण्याची राजाची शिफारसही त्यांनी फेटाळली. संतापलेल्या हेन्रीने त्यांना वुडस्टॉकला बोलावले आणि कोणीही त्यांच्याशी बोलू नये, असा हुकूम सोडला. दरबारी रिंगण करून गप्प बसले होते. ह्यूंनी एकाला बाजूला सारून राजाशेजारीच बैठक मारली. राजाने मान वर न करता सुईदोरा मागवला आणि जखमी बोटावरची पट्टी शिवू लागला. तेव्हा ह्यू शांतपणे म्हणाले, "आता तुम्ही अगदी फालेझच्या आपल्या नातलगांसारखे दिसता!" राजाचा पणजोबा, इंग्लंड जिंकणारा विल्यम, याची आई नॉर्मंडीतील फालेझची आणि ते गाव कातडीकामासाठी प्रसिद्ध; म्हणजे सुईदोरा घेतलेला राजा तिथल्या कातडे शिवणाऱ्यांसारखा दिसतो, असा हा टोमणा. हेन्री हसून लोटपोट झाला, त्याने दरबाऱ्यांना टोमण्याचा अर्थ स्वतःच समजावून सांगितला आणि मग बिशपांची बाजू ऐकून घेतली.

केवळ हजरजबाबीपणामुळे ते वाचले, असे मात्र मला वाटत नाही. कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या आणि कॅथेड्रलच्या बांधकामावर स्वतः दगड वाहणाऱ्या या माणसावर स्वार्थाचा आरोप चिकटणे अशक्यच होते. ११९७ मध्ये हेन्रीचा मुलगा राजा रिचर्ड याने परदेशातील युद्धासाठी सैनिक मागितले, तेव्हाही त्यांनी साफ नकार दिला आणि तोही पचवला.

१६ नोव्हेंबर १२०० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. लिंकनला त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत राजा जॉन होता. पोप तिसरे होनोरियस यांनी १२२० मध्ये त्यांना संत घोषित केले.