गाडी तापली की लाल ऑईल लाईट लुकलुकते, गॅरेजला नेली की गायब

प्रश्न : नमस्कार. बाबांची २००८ची पेट्रोल हॅचबॅक आता मी चालवते, वाई-पाचगणी जाणं-येणं असतं. सकाळी काही त्रास नाही, पण पसरणी घाट चढून वर गेलं आणि ट्रॅफिकमध्ये उभं राहावं लागलं की डॅशबोर्डवरची ती लाल किटलीवाली लाईट लुकलुकायला लागते, जरा रेस दिली की जाते. एका मेकॅनिकने सेन्सर बदलून दिला, फरक पडला नाही. दुसरा म्हणतो इंजिन खोलावं लागेल. गॅरेजला नेईपर्यंत लाईट बंद झालेली असते त्यामुळे दाखवता पण येत नाही. स्कॅनर लावला तर एकही कोड नाही. डिपस्टिकवर ऑईल दिसतंय, दोन वर्षांत बदललेलं नाही कारण गाडी फार चालतच नाही, किलोमीटर पूर्ण झालेले नाहीत. काय करू? – एक वाचक, वाई

उत्तर : ताई, तुम्ही प्रश्नातच निम्मं निदान करून दिलंय. गाडी गार असताना लाईट नाही, तापल्यावर आयडलिंगला (गाडी उभी, रेस न देता इंजिन नुसतं चालू) येते आणि रेस दिली की जाते, म्हणजे ती मनाला येईल तेव्हा लागत नाहीये, तिची वेळ ठरलेली आहे. आणि ती वेळ बघता मला सेन्सरपेक्षा ऑईल प्रेशरचीच शंका जास्त येतेय.

ऑईलचा पंप इंजिनवरच फिरतो, त्यामुळे आयडलिंगला तो सगळ्यात हळू फिरतो. त्यात घाट चढून ऑईल तापून पातळ झालेलं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की प्रेशर सगळ्यात कमी, आणि बहुतेक जुन्या गाड्यांमधला स्विच (तुम्ही बदललेला सेन्सर म्हणजे हाच) साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली प्रेशर गेलं की लाईट लावतो. म्हणजे ही लाईट लागते तेव्हा 'थोडं कमी झालंय' असं नसतं, फारच कमी झालेलं असतं. डिपस्टिकवर ऑईल आहे म्हणून निश्चिंत राहू नका, गच्चीवरची टाकी भरलेली असली तरी पाईप चोंदला असेल तर नळाला धार येत नाही, तसंच आहे हे.

स्कॅनरमध्ये कोड नाही यात नवल नाही. इतक्या जुन्या बऱ्याच गाड्यांमध्ये या स्विचची एकच वायर थेट मीटरकडे जाते, इंजिनच्या कॉम्प्युटरला त्यातलं काही कळतच नाही. म्हणून 'स्कॅन क्लीन आहे, काळजी करू नका' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आधी घरी करण्यासारखं सांगतो. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून परत घाला आणि मग लेव्हल बघा. खालच्या खुणेच्या जवळ असेल तर वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर ऑईल एका बाजूला जाऊन पंपाला हवा लागू शकते, आणि घाटात वळणं काही कमी नाहीत. डिपस्टिकचा वास पण घेऊन बघा, पेट्रोलचा वास येत असेल तर ऑईलमध्ये पेट्रोल उतरून ते पातळ झालंय. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, मग गाडी अजिबात चालवू नका. आणि शेजारी बसलेल्या कोणाला तरी मोबाईलवर डॅशबोर्डचा व्हिडिओ काढायला सांगा, आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा असेल तर तो दिसला पाहिजे, एसी चालू होता का बंद तेही बोलून ठेवा. आयडलिंग जिथे ८०० पाहिजे तिथे ६०० वर येत असेल तर तेवढ्यानेसुद्धा लाईट लुकलुकू शकते, मग थ्रॉटल बॉडी (इंजिनमध्ये जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करणं हेच पहिलं काम. गॅरेजमध्ये लाईट लागत नाही हा तुमचा प्रश्न त्या व्हिडिओने बराचसा सुटेल.

आता मुख्य गोष्ट. मेकॅनिकला सांगा की सेन्सर काढून त्याच जागी ऑईल प्रेशर गेज लावा आणि गाडी पूर्ण तापवून मोजा, गार इंजिनवर मोजून काहीच उपयोग नाही. तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल तोच धरायचा, पण ढोबळमानाने तापलेल्या इंजिनला आयडलिंगला १ बारच्या आसपास आणि ३००० आरपीएमला ३ बारच्या आसपास प्रेशर असेल तर इंजिन ठीक आहे. हे माप घेतल्याशिवाय इंजिन खोलायला हो म्हणू नका, आणि दुसरा सेन्सर पण घेऊ नका. माझं हे अगदी कळकळीचं सांगणं आहे, कारण या एका लाईटपायी लोकांचे हजारो रुपये नको त्या पार्टवर जातात.

गेजवर प्रेशर चांगलं आलं आणि लाईट तरीही लुकलुकली तर स्विच किंवा वायरिंग. एकच वायर असलेल्या स्विचची ती वायर काढून फक्त चावी ऑन करायची, लाईट विझली पाहिजे. वायर काढूनही लागलेलीच राहिली तर वायर कुठेतरी घासून बॉडीला अर्थ होतेय. खड्ड्यात किंवा पावसातच लाईट येणाऱ्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा हेच निघतं, तुमच्याकडे तसं वाटत नाही.

प्रेशर कमी आलं तर स्वस्तातून महागाकडे जायचं. आधी कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑईल आणि चांगला फिल्टर. किलोमीटर झाले नाहीत म्हणून ऑईल न बदलणं ही समजूत खूप घरांत आहे, पण ऑईलला वर्षाचीही मुदत असते, आणि जवळजवळच्या फेऱ्यांमध्ये इंजिन नीट तापत नाही त्यामुळे ओलावा आत राहून ऑईलचा चिकट गाळ होतो. तो गाळ चेंबरमधल्या (इंजिनच्या तळाशी ऑईल साठतं ते भांडं) जाळीवर बसला की पंपाला ऑईल ओढता येत नाही. म्हणून नवीन ऑईलनेही फरक पडला नाही तर चेंबर खाली उतरवून जाळी साफ करायला सांगा. फ्लश (इंजिन आतून धुवायचं केमिकल) टाकून धुवायला कोणी सुचवलं तर नको म्हणा, इतक्या जुन्या गाळाचे तुकडे सुटून तीच जाळी पूर्ण बंद होऊ शकते. त्यानंतर पंप आणि त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारी झडप), आणि सगळ्यात शेवटी क्रँकचे (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) बेअरिंग, म्हणजे तो दुसरा मेकॅनिक म्हणतोय ते इंजिनकाम. खालून ठक ठक असा जड आवाज येत असेल तर मात्र तो बरोबर असू शकतो. जाड ऑईल भरून लाईट घालवता येते, पण त्याने झीज भरून येत नाही, फक्त दिसेनाशी होते.

हे होईपर्यंत घाटात गाडी नेऊ नका. लाईट लुकलुकायचं सोडून लागूनच राहिली तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा, प्रेशर नसताना काही मिनिटांत बेअरिंग जातात.

प्रश्न : १२ वर्षं जुनी गाडी आहे. पावसात रात्री हेडलाईट, वायपर, एसी सगळं चालू असलं की बॅटरीची लाल लाईट मंद लागते, थोड्या वेळाने जाते. बॅटरी नवीनच आहे. – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : बॅटरीला दोष देऊ नका, ही लाईट चार्जिंगची आहे. पहिला संशय अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) बेल्टवर, ओला झाला आणि लोड वाढला की सैल बेल्ट घसरतो, बऱ्याचदा किंचाळतोही. बेल्टला भेगा आहेत का, ताण किती आहे बघून घ्या, पुलीवर ऑईल गळत नाहीये ना तेही बघा. मग मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलवर लावा, इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवेत. सगळे लोड चालू करून १३ च्या खाली येत असेल आणि बेल्ट ठीक असेल तर अल्टरनेटर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या, या वयाला कार्बन ब्रश झिजलेले असतात आणि बऱ्याचदा तेवढेच बदलून काम होतं, अख्खा अल्टरनेटर घ्यायची घाई नको. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थची वायर पण उघडून घासून घ्या, कोकणातल्या हवेत तिला गंज फार लवकर चढतो.