ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात सर्पगरुडाचं घरटं सापडलंय, फोटो कसा काढू?

आधी अंतराचं बोलू. झाडाखाली उभं राहू नका. निदान शंभर मीटर लांब, शक्यतो समोरच्या चढावर बसा, म्हणजे कॅमेरा घरट्याच्या उंचीला येतो. ५०० किंवा ६०० मिमी लेन्स आणि ट्रायपॉड लागेलच.

सर्पगरुड सहसा एकच अंडं घालतो. मादी घाबरून उडाली की कावळे टपलेलेच असतात, अंडं उन्हात तापतं ते वेगळंच. पक्षी मान ताणून तुमच्याकडे एकटक बघतोय, तुरा फुलवतोय किंवा सारखा ओरडतोय, तर लगेच मागे सरका. अंडी उबवण्याच्या काळात मी तर जाऊच नका म्हणेन. पिल्लू मोठं झाल्यावर पालक भक्ष्य घेऊन येतात, खरे फोटो तेव्हाच मिळतात.

शटर स्पीड बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, उडत्याला १/२००० ठेवा. मागे पांढरं आकाश असेल तर पक्षी काळा ठिक्कर येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा ते ठरवणारं सेटिंग) +१ ठेवा. ऊन चढलं की हवा थरथरते, मग महागडी लेन्सही धूसरच फोटो देते.

फांद्या छाटणं, फ्लॅश, ड्रोन बिलकूल नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, वनखात्याची परवानगी घ्या. आणि फोटो टाकताना लोकेशन काढून टाका, नाहीतर रविवारी तिथे जत्रा भरेल.