लॅब्रॉडोर की पामेरियन: अंगणातली शी कोणाची जास्त काढावी लागते?

वजनाने लॅबची, कटकटीने पामेरियनची. तुम्ही लिहिलंय की अंगण २० बाय ३० फुटांचं, अर्ध्यात शहाबादी फरशी, अर्धी माती, कडेला आंबा, मधे तुळस, आणि साफसफाई करणारं माणूस एकच. त्यावरूनच सांगतो.

३० किलोचा लॅब बऱ्यापैकी दर्जाच्या कोरड्या खाण्यावर दिवसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम शी करतो, म्हणजे महिन्याला दहाएक किलो. आपल्याकडे पामेरियन म्हणून विकला जाणारा कुत्रा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, ५ ते ७ किलोचा. त्याची दिवसाला ७० ते १०० ग्रॅम. पण भात, पोळ्या आणि कोंडा भरलेलं स्वस्त फीड घातलंत तर दोघांचीही वाढते आणि सैल होते. जातीपेक्षा भांड्यात काय पडतं यावर जास्त ठरतं, हे कुत्रा विकणारा तुम्हाला सांगणार नाही.

माल चौपट म्हणून काम चौपट, असं मात्र नाही. लॅबचं लांबून दिसतं, खुरपं आणि सुपली घेतली की दोन मिनिटांत आवरतं. स्पिट्झचं बोटाएवढं, पाचोळ्याखाली नाहीतर कुंडीमागे, आणि माती लागली की शोधत बसा. शिवाय जरा पातळ झाली की मागच्या केसांना चिकटून थेट सोफ्यावर येते. शेपटीखालचे केस बोथट टोकाच्या कात्रीने कायम बारीक ठेवावे लागतात. लॅबला हा त्रास नाही, पण तो हावरट. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे एक चतुर्थांश लॅबमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांची खाण्याची ओढ जास्त असते. तुमच्या अंगणात याचा अर्थ असा की मे महिन्यात शी काढण्याआधी पडलेले आंबे वेचायचे. कोय आतड्यात अडकली तर पोट उघडावं लागतं.

शूचं म्हणाल तर नर कुठलाही असो, तंगडी तुळशीवरच वर होणार. झाड जळतं ते शूमधल्या नत्रामुळे आणि क्षारांमुळे, ‘उष्णतेमुळे’ नव्हे. त्यामुळे कुत्र्याला टोमॅटो खाऊ घालण्याचे उपाय सोडून द्या. लगेच तिप्पट पाणी ओतायचं, तुळस उंचावर न्यायची आणि त्याला तंगडी वर करायला कोपऱ्यात एक खुंट रोवून द्यायचा. फरशीवर ब्लीच टाकायचं तर आधी भरपूर पाण्याने धुवा. शूमधल्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं की घसा धरणारा विषारी वायू निघतो.

खरी मेहनत वाचते ती जागा ठरवून दिल्यावर. खाल्ल्यानंतर १५ ते ३० मिनिटांत कुत्र्याला कळ येते. तेव्हा पट्टा लावून रोज त्याच कोपऱ्यात न्यायचं आणि झाल्याशिवाय मोकळं सोडायचं नाही. लॅबला ४ बाय ६ फूट, स्पिट्झला ३ बाय ३ पुरे. खाली चार इंच बारीक खडी, वर पत्रा. पत्र्याची कंजुषी करू नका, कारण जुलैत उघड्यावरची शी पहिल्या सरीत फरशीच्या सांध्यांत उतरते आणि मग खराट्याने नुसती पसरते. पातळ असेल तर वर राख किंवा लाकडाचा भुसा टाका, पाच मिनिटं थांबा, मग खुरपं आडवं सरकवून उचला. पाण्याचा पाइप सगळ्यात शेवटी.

आणि रोज. ‘रविवारी एकदम काढू’ चालत नाही. उन्हाळ्यात माशीची अंडी दिवसाभरात फुटतात. ओल्या, उबदार मातीत हुकवर्म या आतड्यातल्या जंताच्या अळ्या आठवड्याभरात तयार होतात आणि अनवाणी पायातून शिरतात, कातडीखाली खाजरी नागमोडी रेघ उठते. गोलकृमीच्या अंड्यांना दोन-तीन आठवडे लागतात, पण ती मग मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि फिनाइलला दाद देत नाहीत. ताजी उचलली तर हा सगळा प्रश्नच संपतो.

आता तो ठरलेला वाद: ‘शेण चालतं, मग कुत्र्याचं खत का नाही?’ बाग करणाऱ्या प्रत्येक घरात हे म्हणणारे एक काका असतात. नाही चालत. कुत्र्याच्या पोटातले जंत माणसाला लागतात, आणि घरच्या खड्ड्यातला ढीग ते मारण्याइतका तापत नाही. अलास्कात फेअरबँक्सकडे स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांच्या शीचं खत करतात: दोन भाग शी, एक भाग भुसा, मोठा ढीग, आत थर्मामीटर, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचं, थंडावलं की उलटायचं. इतकं करूनही ते खाण्याच्या पिकाला घालत नाहीत. आणि काका ते मेथीच्या वाफ्यात घालायला निघतात! शी संडासात टाका, पिशवी आणि खडी न घालता. खड्डाच करायचा तर विहिरीपासून निदान १५ मीटर लांब. कोकणात जांभा असेल तर तोही नको, जांभ्यातून पाणी झिरपतं आणि पावसाळ्यात विहिरीची पातळी वर येते.

एकच माणूस आणि कंबरदुखी असेल तर मी लॅब म्हणेन, वाकून शोधाशोध तरी नाही. अर्थात त्याला रोज तासभर फिरवणार असाल तरच.

वरचे आकडे पूर्ण वाढलेल्या, निरोगी कुत्र्याचे आहेत. पिल्लू दिवसाला चार-पाचदा करतं, आणि त्याला तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला जंताचं औषध लागतं, वजनाप्रमाणे. शीत रक्त दिसलं तर भुसा शोधत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि त्या अंगणात आधी एखादं पिल्लू पार्व्हो या विषाणूच्या आजाराने गेलं असेल तर फरशी धुऊन ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच दहा मिनिटं ठेवता येतं, मातीला मात्र इलाज नाही. नव्या पिल्लाचे लसीचे सगळे डोस होईपर्यंत त्याला त्या मातीवर उतरवू नका.