‘वेअर’, ‘पुट ऑन’ आणि कोरियन बूट

प्रश्न असा आहे: ऑफिसातला कोरियन सहकारी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणतो, ‘वेट, आय ॲम वेअरिंग माय शूज.’ इथे ‘पुटिंग ऑन’ हवं, हे चारदा सांगूनही तेच. असं का?

विसरत नसावा बिचारा. कोरियनमध्ये बूट-मोजे घालण्याला ‘शिन्ता’ म्हणतात, आणि ‘शिन्को इत्ता’ या एकाच रूपाचे दोन अर्थ होतात: बूट घालतोय आणि बूट घातलेत. शाळेत ‘-को इत्ता’ म्हणजे इंग्रजीतलं ‘-इंग’ असं समीकरण डोक्यात बसतं आणि मग दोन्हीकडे ‘वेअरिंग’ येतं.

गंमत म्हणजे क्रियापदांची त्यांच्याकडे चंगळ आहे. कपड्यांना ‘इप्ता’, टोपीला ‘स्सुदा’, अंगठीला ‘क्कीदा’, मनगटी घड्याळाला ‘छादा’. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, गजरा माळतो, तसंच. आपल्याला यात नवल वाटू नये. ‘स्सुदा’ छत्रीलाही चालतं, त्यामुळे एखाद्याने छत्री ‘वेअर’ केली तर हसू नका. उलट अत्तर ते फवारतात, दाढी वाढवतात. इंग्रजी या दोन्हींना ‘वेअर’ लावतं, हे त्यांना मुद्दाम शिकावं लागतं.

पण खरी अडचण शब्दांची नाही, कृती आणि स्थिती यांतल्या फरकाची आहे. मराठीत तो रूपातच दिसतो: घालतोय, घातलंय. म्हणून आपण वेगळीच चूक करतो. ‘ती लाल साडी नेसली आहे’ याचं सरळ ‘शी हॅज वोर्न अ रेड सारी’ करून मोकळे होतो. (मीही केलंय, तेही मुलाखतीत.)

सहकाऱ्याला नियम सांगू नका, त्याच्याच भाषेतली कसोटी द्या. ‘शिन्नुन जुंग-इदा’ म्हणजे ‘घालण्याच्या मध्यात आहे’. याला दुसरा अर्थच नाही. मनातलं वाक्य ‘जुंग’ लावून म्हणता आलं तर ‘पुटिंग ऑन’, नाही तर ‘वेअरिंग’. नाडी बांधताना ‘जुंग’ बसतं. बूट चढवून दारात उभा राहिला की बसत नाही.

काढण्याचं प्रकरण मात्र उलटं आहे. आपण साडी सोडतो, पण बूट, टोपी, अंगठी, घड्याळ सगळं ‘काढतो’. कोरियन माणूस बूट-टोपीला ‘पत्ता’, अंगठीला ‘प्पेदा’ आणि घड्याळाला ‘फुल्दा’ म्हणतो. तिथे इंग्रजीचं एकटं ‘टेक ऑफ’ त्याला सोपंच वाटेल.