शू करताना कातडी फुगते म्हणून आठ महिन्यांच्या मुलाची सुंता करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा आठ महिन्यांचा आहे. शू करताना पुढची कातडी फुग्यासारखी फुगते. एका डॉक्टरांनी "फायमोसिस आहे, सुंता करून टाका" असं सुचवलंय (फायमोसिस म्हणजे पुढच्या कातडीचं तोंड घट्ट असल्याने ती मागे न जाणं). अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी रोज तेल सोडून कातडी मागे ओढतात. अमेरिकेतल्या नणंदेने मुलाची सुंता जन्मल्यावर लगेच करून घेतली होती. धार्मिक कारण नाही. तर करायची का?

तुम्ही जे लिहिलंय तेवढंच असेल तर आत्ता करू नका. मावशींचं ओढणं मात्र उद्याच्या अंघोळीपासून बंद करा. दोन्हींत तातडीचं हेच आहे.

जन्माच्या वेळी पुढच्या कातडीचं आतलं अस्तर आणि खालचं बोंड एकमेकांना चिकटलेलं असतं, नखाखालची त्वचा नखाला चिकटलेली असते तसं. तो दोष नाही, बाळाची घडणच तशी असते. पुढे मधल्या पेशी हळूहळू गळतात आणि दोन थर सुटे होतात. इंग्लंडमधल्या डग्लस गेर्डनर यांनी १९४९ साली याची मोजणी मांडली. नवजात मुलांत जेमतेम ४ टक्क्यांची कातडी मागे जात होती, सहा महिन्यांना २० टक्के, एक वर्षाला ५० आणि तीन वर्षांना ९० टक्के. १९६८ साली डेन्मार्कच्या याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलं तपासली, तेव्हा सहा-सात वर्षांच्या मुलांत ८ टक्क्यांना कातडी घट्ट होती आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत फक्त १ टक्क्याला. मधल्या वर्षांत ती आपोआप सैल झाली. आठव्या महिन्यात कातडी मागे न जाणं म्हणजे आठव्या महिन्यात न चालण्यासारखंच आहे.

फुगा येतो तोही याच सुटण्यामुळे. थर आतून थोडे सुटलेले असतात, तोंड अजून अरुंद असतं, त्यामुळे शू आधी त्या पोकळीत साठते आणि मग बाहेर येते. यात मूत्रपिंडावर दाब येत नाही. पाहायचं ते फुग्याकडे नाही, धारेकडे. फुगा येऊन गेल्यावर धार सरळ आणि जोरात पडते का? तेवढं असेल तर चिंता नाही. शू थेंब-थेंब येते, बाळ कुंथतं, धारेत जोर कधीच नसतो, असं दिसलं तर मात्र कातडीवर बोट ठेवून थांबू नका. मुलांमध्ये मूत्रनलिकेत जन्मजात पडदा असू शकतो, त्याची लक्षणं हीच असतात. त्यासाठी आधी पोटाची सोनोग्राफी लागते, आणि सुंता करून तो पडदा जात नाही.

कातडीखाली कधी साबुदाण्याएवढी पांढरट-पिवळी गाठ दिसेल. ती पू नाही. गळलेल्या पेशींचा तो गोळा असतो, थर सुटले की एके दिवशी आपोआप बाहेर पडतो. पू असेल तर जागा लाल होते, सुजते, हात लावला की बाळ रडतं. या गोळ्याला घाबरून अँटिबायोटिक सुरू करण्याचं काहीच कारण नाही.

आता मावशींचं. त्यांचा हेतू चांगलाच असतो, पिढ्यान्पिढ्या असंच चालत आलंय. पण चिकटलेली कातडी जोराने ओढली की तिच्या तोंडाला बारीक चिरा पडतात. चीर भरते तेव्हा तिथे वण धरतो, आणि वणाची कातडी ताणत नाही. म्हणजे नसलेला फायमोसिस आपणच तयार करतो. दुसरा धोका त्याहून मोठा. ओढलेली कातडी कधीकधी बोंडामागे अडकते, पुढे येत नाही, आणि तिचा आवळा बसून बोंड सुजत जातं. असं झालं तर बोंड बोटांच्या चिमटीत धरून चार-पाच मिनिटं सलग, हळूहळू वाढवत दाबा म्हणजे सूज उतरेल, आणि मग कातडी पुढे सरकवा. जमलं नाही तर सकाळची वाट न बघता तेव्हाच इमर्जन्सीत न्या. रोजच्या स्वच्छतेला बाहेरून कोमट पाणी पुरतं. आत तेल, साबण, डेटॉल काही नको. मावशींना "डॉक्टरांनी हात लावू नका म्हणून सांगितलंय" असं सांगा. वाद होणार नाही.

खरा फायमोसिस घरीही ओळखता येतो. कातडी मागे न ओढता दोन बोटांनी अगदी हलकेच पुढे आणि बाजूला ताणा. निरोगी कातडीचं तोंड कळी उमलल्यासारखं उघडतं आणि आतली गुलाबी, ओलसर त्वचा डोकावते. वण असलेल्या तोंडाशी पांढरट, कडक, चकचकीत कडं दिसतं. ते उमलत नाही, ताणलं तर आणखी आवळतं. असं कडं पाच वर्षांच्या आत विरळाच दिसतं. ते बहुधा लायकेन स्क्लेरोसस या आजारामुळे होतं, आणि तिथे सुंता हाच योग्य उपचार आहे. तिथे वेळ घालवणं चुकीचं, कारण तो आजार मूत्रमार्गाच्या तोंडापर्यंत पसरू शकतो.

वण नाही, पण चार-पाच वर्षांनंतरही कातडी घट्ट आहे आणि वारंवार सूज येते, अशी मुलं मधल्या गटातली. त्यांना आधी स्टिरॉइड मलम देतात: बीटामेथासोन ०.०५ टक्के किंवा मोमेटासोन ०.१ टक्के, तांदळाच्या दाण्याएवढं, दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे. ते सगळ्या भागावर चोपडायचं नाही, घट्ट वाटणाऱ्या कड्यावरच बोटाच्या टोकाने लावायचं. दोनेक आठवड्यांनी अंघोळीत, दुखणार नाही इतपतच कातडी सरकवायची आणि लगेच पुढे आणायची. बहुतेक मुलांची ऑपरेशनची गरज यातच संपते. मलम फसतं त्याची कारणं साधारण दोनच असतात. चुकीच्या जागी लावलेलं असतं, नाहीतर दहा दिवसांत सोडून दिलेलं असतं. आणि एक कळकळीची विनंती. घरात पडलेली, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल एकत्र असलेली ट्यूब मुलाच्या या जागी लावू नका. क्लोबेटासोल फार जोरकस स्टिरॉइड आहे, त्याने कातडी पातळ होते. केमिस्टकडे ती सहज मिळते म्हणून ती सौम्य आहे असं नाही.

नणंदेचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, तिकडचं गणित वेगळं आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली म्हटलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण प्रत्येक नवजात मुलाची सुंता करा अशी शिफारस करण्याइतके नाहीत. फायदे खरे आहेत. पहिल्या वर्षात लघवीचं इन्फेक्शन कमी होतं. पण निरोगी मुलाला तो धोका मुळातच साधारण शंभरात एक असतो, आणि २००५ च्या एका एकत्रित अभ्यासानुसार एक इन्फेक्शन टाळायला सुमारे १११ मुलांची सुंता करावी लागते. हाच आकडा वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या मुलांत ११ वर येतो, आणि लघवी मूत्रपिंडाकडे जास्त प्रमाणात उलटी जात असेल तर ४ वर. म्हणून अशा मुलांत मी स्वतः सुंता सुचवते. एचआयव्हीचं म्हणाल तर दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत पुरुषाला स्त्रीकडून होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटली. पण त्या चाचण्या प्रौढ पुरुषांवर, जास्त लागण असलेल्या भागांत झाल्या होत्या. पुण्यातल्या आठ महिन्यांच्या बाळासाठी आज त्यावरून घाईने निर्णय घेण्यासारखं काही नाही.

मुस्लिम, बोहरी किंवा मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली घरांत प्रश्न वेगळा असतो. तिथे "करायची का" हे ठरलेलं असतं, "सुरक्षित कशी" एवढंच ठरवायचं असतं. तुम्हीही पुढे कधी करायचं ठरवलंत तर हे लागू पडेल.

आधी बाळाची ठेवण तपासून घ्या. शूचं छिद्र टोकाला नसून खाली असेल (हायपोस्पेडियस), कातडी फक्त वरच्या बाजूला टोपीसारखी असेल, लिंग वाकलेलं असेल किंवा चरबीत दबलेलं असेल, तर सुंता अजिबात करायची नाही. हायपोस्पेडियस दुरुस्त करताना हीच कातडी वापरावी लागते. ती एकदा फेकली की परत मिळत नाही. मग रक्तस्रावाचा इतिहास. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) आईकडून येतो, म्हणून मामा, आईचे मामा आणि मावशीची मुलं यांच्याबद्दल मुद्दाम विचारा: दात काढल्यावर रक्त थांबलं नाही, सांधे सुजायचे, असं काही? बाबांच्या घरी चौकशी करून याचा पत्ता लागत नाही. जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं का, तेही कार्डावर बघा.

पहिल्या काही आठवड्यांत सुंता बधिर करून होते: लिंगाच्या मुळाशी ॲड्रेनलिन नसलेल्या लिग्नोकेनचं इंजेक्शन. ॲड्रेनलिन तिथे कधीच वापरत नाहीत, त्याने रक्तपुरवठा आवळतो. आठ महिन्यांच्या बाळाला मात्र पूर्ण भूल लागते. म्हणजे भूलतज्ज्ञ हवेत आणि आधी पोट रिकामं हवं: वरच्या दुधानंतर सहा तास, अंगावरच्या दुधानंतर चार. डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा, कॉटरी (रक्त थांबवायला विजेने भाजण्याचं उपकरण) कोणती वापरणार? बायपोलर असं उत्तर आलं पाहिजे. मोनोपोलर कॉटरीचा करंट इतक्या बारीक अवयवातून जाताना आतल्या रक्तवाहिन्या भाजू शकतात, आणि धातूचा क्लॅम्प लावलेला असताना तर ती वापरायचीच नाही.

नंतर बोंडावर जी पिवळसर साय येते ती भरणारी जखम असते, पुसून काढू नका. प्रत्येक डायपरला भरपूर व्हॅसलिन लावा, पाच ते सात दिवस. प्लास्टिबेल (सुंतेसाठीची प्लास्टिकची रिंग) बसवली असेल तर रिंग पाच ते आठ दिवसांत गळते. बारा दिवसांनीही ती तशीच असेल किंवा मागे सरकून लिंगाला आवळत असेल तर लगेच दाखवा. डायपरवर रुपयाच्या नाण्याएवढा डाग चालतो. दहा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, किंवा आठ तास शू झाली नसेल, तर थेट हॉस्पिटल. दुखण्याला पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅम प्रति मिली असलेल्या ड्रॉप्सचे १.२ मिली. ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर २.४ मिली. सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं तर दुप्पट डोस जातो. रात्रीच्या गडबडीत ही चूक सहज होते, म्हणून बाटलीवर मार्करने मिली लिहून ठेवा.

तान्ह्या मुलांत गुंतागुंतीचं प्रमाण साधारण दीड टक्का, मोठ्या मुलांत सहाच्या आसपास. बहुतेक किरकोळ असतात. काही महिन्यांनी धार बारीक होऊन वरच्या दिशेने उडू लागली तर मूत्रमार्गाचं तोंड अरुंद झालंय का ते तपासून घ्या.

तुमच्या बाळासाठी सध्या एवढंच करा. पुढच्या वेळी शू होताना फोनवर वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या, फुगा आणि त्यानंतरची धार दोन्ही दिसतील असा, आणि तो लहान मुलांच्या सर्जनना दाखवा. ससूनमध्ये हा विभाग आहे, खाजगीतही पुण्यात बरेच आहेत. जनरल सर्जनपेक्षा लहान मुलांचे सर्जन बघा. सर्दीशिवाय ३८ अंशांवर ताप आला तर लघवी तपासायची. नमुना पिशवी चिकटवून घेऊ नका, त्यात कातडीवरचे जंतू मिसळतात. धार मधेच निर्जंतुक डबीत पकडा. बाळाला मांडीवर घेऊन, ओटीपोटावर गार पाण्यात भिजवलेला कापूस हलकेच फिरवला की पाचेक मिनिटांत शू होण्याची शक्यता वाढते, डबी हातात उघडून तयार ठेवा.