कुल्ल्याचे स्नायू आणि नर्व्ह वायवासाठी लक्षात कशा ठेवायच्या? (नर्सिंग, पहिलं वर्ष, गोवा)

पिरिफॉर्मिस धर, बाकीचं त्याच्यावरून लागतं. सेक्रमच्या (कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड) पुढच्या बाजूने निघून ग्रेटर ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाचा खुब्यापाशी बाहेर आलेला उंचवटा) टोकाला जाणारा हा आडवा स्नायू. त्याच्या वरून सुपीरियर ग्लुटिअल नर्व्ह आणि आर्टरी बाहेर पडतात. इन्फीरियर ग्लुटिअल, सायटिक, प्युडेंडल या सगळ्या खालून. वरची नर्व्ह ग्लुटिअस मीडियस, ग्लुटिअस मिनिमस आणि टेन्सर फॅशिया लाटा हे स्नायू चालवते, खालची इन्फीरियर फक्त ग्लुटिअस मॅक्सिमस. मॅक्सिमस जिना चढवतो, खुर्चीतून उठवतो. मीडियस आणि मिनिमस एका पायावर उभं असताना कंबर दुसऱ्या बाजूला कलू देत नाहीत. मांडी फिरवणाऱ्या लहान स्नायूंची, म्हणजे रोटेटर्सची, नावं वर्गातल्या मुलींनी पाठ केलेलीच असतील, त्यांच्याकडून घे.

आता जे तू विचारलं नाहीस ते. वर्षभरात तुझ्या हातात सिरिंज येईल आणि कोणीतरी सीनियर सांगेल, ‘कमरेत दे.’ आपल्याकडे कुल्ला म्हणायची लाज, म्हणून सगळेच कमरेत इंजेक्शन घेतात. गंमत म्हणजे खरंच कमरेच्या जवळ, वर दिलं असतं तर इतके पाय लुळे पडले नसते.

शिकवतात ते असं: कुल्ल्याचे चार भाग कल्पून वरच्या बाहेरच्या भागात टोच. पण चार भाग कशाचे? ग्लुटिअल भाग वर इलियाक क्रेस्टपर्यंत, म्हणजे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत जातो. घाईत माणूस डोळ्याला दिसणारा फुगवटा तेवढाच कुल्ला धरतो, त्याचे चार भाग करतो आणि सुई चांगली चार बोटं खाली उतरते. तिथे मॅक्सिमसच्या खाली सायटिक आहे, सुमारे २ सेंटिमीटर रुंद, शरीरातली सर्वांत जाड नर्व्ह.

एका पोदेराचं उदाहरण देते. पाठ धरली म्हणून त्याला उजव्या कुल्ल्यात डायक्लोफेनॅक हे दुखणं थांबवायचं औषध दिलं. सुई जाताच पायात वीज चमकली, तो ओरडला. ‘हालू नको’ म्हणून उरलेलं औषधही आत सोडलं. दुसऱ्या पहाटे भोंपू वाजवत पाव घालायला निघाला आणि दोन वाडे पुढे गेल्यावर पाहतो तर उजव्या पायात चप्पल नाही. कधी गळली ते कळलंच नव्हतं. चवड्यांवर उभा राहायचा, टाचांवर राहता येईना. पावलाची वरची बाजू बधिर. म्हणजे टिबिअल भाग वाचला, कॉमन पेरोनिअल गेला. सायटिक म्हणजे एका म्यानात दोन नर्व्ह. पेरोनिअल बाहेरच्या बाजूला असल्याने सुई आधी तिलाच गाठते, शिवाय तिच्या तंतूंच्या जाड जुडग्यांभोवती मऊ आधार कमी. सुईच्या टोचण्यापेक्षा आत सोडलेलं औषध तिला जास्त जाळतं. म्हणून पेशंट ‘वीज’ म्हणाला की त्याच क्षणी सुई बाहेर, मग सिरिंजमध्ये कितीही औषध उरलेलं असो. इजा झालेली नर्व्ह दिवसाला साधारण १ मिलिमीटर परत वाढते, आणि कुल्ल्यापासून नडगीच्या स्नायूंपर्यंत अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास. हिशोब तूच कर.

सोय १९५० च्या दशकातच झालेली आहे, फॉन होखश्टेटर यांची व्हेंट्रोग्लुटिअल, म्हणजे खुब्याच्या बाजूची जागा. पेशंटला कुशीवर घे, वरचा गुडघा थोडा वाकव. डावा खुबा असेल तर तुझा उजवा हात, उजवा असेल तर डावा. तळहाताचा खालचा भाग ट्रोकँटरवर. हाड सापडत नसेल तर पाऊल आत-बाहेर फिरवायला लाव, हाताखाली गोल फिरतं तेच ते. अंगठा जांघेकडे, तर्जनी एएसआयएसवर (क्रेस्टचं पुढचं टोक), मधलं बोट क्रेस्टच्या कडेने मागे ताणायचं. दोन बोटांमधल्या फटीच्या मधोमध जागा. खूण करून बोटं उचल, नाहीतर आपल्याच बोटात सुई जाते. कातडी २-३ सेंटिमीटर बाजूला ओढून धर, २२ किंवा २३ गेजची ३८ मिलिमीटरची सुई सरळ ९० अंशांत घाल, दर मिलीला १० सेकंद या वेगाने औषध सोड, १० सेकंद थांबून सुई काढ आणि मग कातडी सोड. चोळू नको. एका जागी ३ मिलीपेक्षा जास्त नको. इथे मीडियस-मिनिमसचा जाड थर असतो आणि चरबी मागच्यापेक्षा पातळ. मागच्या बाजूला जाड बाईला दिलेली तीच सुई अनेकदा स्नायूपर्यंत पोचतच नाही, औषध चरबीत पडून गाठ होते.

यावर एका सीनियर सिस्टरचं ठरलेलं उत्तर असायचं: ‘तीस वर्षं मागेच देते, कुणाला काही झालं नाही.’ झालं नाही की कळलं नाही? चप्पल वॉर्डात गळत नाही, घरी जाताना गळते, आणि तो पेशंट पुढे फिजिओकडे जातो. गोव्यात वैद्यकीची शाळा १८४२ मध्ये निघाली. सुईची एक जागा बदलायला आणखी किती वर्षं हवीत?

तरी बाय, हे लक्षात ठेव. वॉर्डात तुझ्या मनाने जागा बदलू नको, आधी ट्यूटरसमोर पुतळ्यावर कर. न चालणाऱ्या बाळाला कुल्ल्यावर नाहीच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला व्हास्टस लॅटरॅलिसमध्ये. बारीक माणसाला २५ मिलिमीटरची सुई पुरते. आणि तुझा तळहात लहान नि पेशंट धिप्पाड असला तर तर्जनी एएसआयएसला पोचणारच नाही. तेव्हा ओढूनताणून हात बसवू नको. ट्रोकँटर, एएसआयएस आणि क्रेस्ट एकेक करून चाचप, पेनाने खुणा कर आणि त्या त्रिकोणाच्या मध्यात दे.