गिरिराजाला ऑरगॅनिक खाद्य घ्यावं की साधं लेअर मॅश?

ताई, तुमचं म्हणणं असं की घर खानापूरच्या बाजूला, परसात गिरिराजा (परसात पाळायची सुधारित जात) आणि चार गावठी कोंबड्या, अंडी घरातली पोरंच खातात, आणि ऑनलाईन मिळणारं ऑरगॅनिक खाद्य साध्या लेअर मॅशच्या (अंड्यावरच्या कोंबडीचं तयार भरड खाद्य) दुप्पट भावात पडतंय, तर घ्यावं का. माझं विचाराल तर नको. त्याहून कमी पैशात ताजं मॅश आणि कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा येतोय, ते आणा.

ऑरगॅनिक म्हणजे त्यातला मका-सोयाबीन रासायनिक खत आणि फवारणी न करता पिकवलेला. म्हणून त्यात प्रोटीन जास्त असतं असं काही नाही. जीएमची (जनुकं बदललेल्या बियाण्याची) भीती असेल तर आपल्या देशात शेतात लावायला मोकळीक आहे ती बीटी कापसाला, इथला मका-सोयाबीन साधाच (२०२१ मध्ये बाहेरून जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली होती, ती गोष्ट वेगळी). आणि पिशवीवर एनपीओपी किंवा पीजीएसचं (ऑरगॅनिकच्या सरकारी योजना) सर्टिफिकेट नसेल तर ऑरगॅनिक असं छापायला काय, शाई तेवढी लागते.

औषधांचं मात्र बघायलाच पाहिजे. पिल्लांच्या स्टार्टरमध्ये कधीकधी रक्ती हगवणीचं औषध घातलेलं असतं, ते अंड्यावरच्या कोंबडीला घालू नका. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर २०१९ पासून कोंबड्यांना द्यायला बंदीच आहे. दुकानात सरळ विचारा, अँटिबायोटिक नसलेलं लेअर मॅश द्या म्हणून, आणि पिशवीवरचं लेबल तिथंच उभं राहून वाचा. ब्रॉयलर फिनिशर (मांसाच्या कोंबड्यांचं खाद्य) स्वस्त मिळतंय म्हणून आणू नका, त्यात अंड्याच्या कवचापुरतं कॅल्शियम नसतं.

खरं तुमच्या भागात सगळ्यात मोठा घोळ बुरशीचा. खानापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार, चार दिवस ऊन दिसत नाही आणि मका, शेंगपेंड दमट झाली की अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) धरतंय, ते भाजून किंवा उन्हात घालून जात नाही, कोंबडीचं लिव्हर खातंय आणि अंडी कमी होतात. बुरशीला ऑरगॅनिक आणि साधं सारखंच. लांबून कुरिअरनं आलेली पिशवी तर गोदामात किती दिवस पडली होती कुणाला माहीत. पिशवीत कोपरापर्यंत हात घाला, आत गरम लागलं, ढेकळं लागली, कुबट वास आला किंवा दाण्याच्या तोंडाला हिरवट पावडर दिसली की परत करा. घरात पोतं फळीवर, भिंतीपासून लांब. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांपुरतंच आणायचं.

अंड्यावरच्या कोंबडीला प्रोटीन १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतं. बांधून ठेवलेली कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. तुमच्या दिवसभर उकिरडा उकरत फिरणार, किडे-गवत खाणार, त्यांना संध्याकाळी खुराड्यात कोंडताना ५० ग्रॅमच्या आसपास घातलं तरी भागतं. नुसती कणी टाकली की पोट भरतं, अंडी पडत नाहीत.

घरी करायचं असेल तर साधारण १० किलोला मक्याचा भरडा ५, कणी १, सोयापेंड अडीच, भाताचा कोंडा १ किलो, वर कोंबड्यांचं मिनरल मिक्स्चर पाव किलो आणि मीठ ३० ग्रॅम. प्रोटीन १८ च्या आसपास बसतंय. इथेनॉलमुळं मक्याला भाव आला तेव्हापासून मी थोडा जोंधळा मिसळतो, चालतंय. सोयाबीन घरचं आहे म्हणून कच्चं भरडून घालू नका हं, कच्च्या सोयाबीननं प्रोटीन पचत नाही, गिरणीतली पेंडच घ्या. शिंपल्यांचा चुरा मिसळायचा नाही, वेगळ्या वाडग्यात ठेवायचा, ज्या कोंबडीला पाहिजे ती खाते. तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) लेअर मॅश नको, एवढं कॅल्शियम त्यांच्या किडनीला झेपत नाही.

बलक केशरी दिसला म्हणजे ऑरगॅनिक असं कोण म्हणालं तर ऐकून सोडा, तो रंग पिवळ्या मक्याचा आणि पाल्याचा. मेथी-शेवग्याचा पाला टाकला तरी येतो.

पुढंमागं अंडी ऑरगॅनिक म्हणून बेळगावात विकायची असतील तर हिशेब वेगळा, पण तिथंही नुसतं खाद्य बदलून भागत नाही, औषधं, खुराडं, नोंदी सगळ्याचं सर्टिफिकेशन करावं लागतं.

आता जे घालताय ते एकदम बंद करू नका, आठवडाभर नवं थोडं थोडं वाढवत जावा, एकदम बदललं की आठ दिवस रुसून बसतात.